क्लोरोफॉर्म, हृदय आणि लंबमज्जा : हैदराबाद आयोगाच्या प्रयोगांचा पुनर्विचार

मराठवाड्याच्या आधुनिक इतिहासात हैदराबाद संस्थानाचा उल्लेख येतो तो बहुधा जहागिरी, शेतसारा, मातृभाषेतील शिक्षणाची आबाळ आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी फळास आलेला मुक्तिसंग्राम ह्यांच्या संदर्भात. तो तसा यावा हे स्वाभाविकच होय. तथापि नांदेडचा जिल्हा आणि पुढे उस्मानाबाद जिल्ह्यात गणला गेलेला लातूरचा परिसर ज्या संस्थानाचे घटक होते, त्याच संस्थानाच्या राजधानीत १८८८ आणि १८८९ ह्या दोन वर्षांत शरीरक्रियाविज्ञानातील एका मूलभूत प्रश्नासंबंधी शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले, त्यांचे आलेख काढले गेले आणि त्यांच्या निष्कर्षांवरून इंग्लंड-स्कॉटलंडातील वैद्यकीय जगतात पुढे वीस वर्षे वाद माजला, ही गोष्ट मराठवाड्याच्या इतिहासग्रंथांत सहसा आढळत नाही. वैद्यकाचे इतिहासकार तिची नोंद घेतात. परंतु बहुधा लंडनच्या एका नियतकालिकाची हकीकत म्हणून. गोदावरी आणि मांजरा ह्या नद्यांच्या खोऱ्यांतील सारा ज्या खजिन्यात जमा होत असे त्याच खजिन्यातून ह्या प्रयोगांचा खर्च झाला, एवढ्यावरूनही त्यांचा विचार येथे व्हावयास हवा.

प्रश्न वरकरणी साधा होता. क्लोरोफॉर्मची भूल दिलेला रोगी शस्त्रक्रियेच्या मेजावर एकाएकी मरण पावतो, तेव्हा त्याचा श्वास आधी थांबतो की हृदय? ह्या प्रश्नाच्या उत्तरावर भूल देणाऱ्याने कोठे लक्ष ठेवावयाचे हे अवलंबून होते, आणि म्हणून कित्येकांचे प्राणही. पण त्याच्या पोटात दुसरा, अधिक कठीण प्रश्न दडलेला होता. हृदयाची गती आणि रक्ताचा दाब ह्यांचे नियमन मेंदू कोणत्या मार्गांनी करतो, आणि हे नियमन रोग्याचे रक्षण करते की प्रसंगी त्याचा घात करते, हा तो प्रश्न. हैदराबादच्या प्रयोगकर्त्यांनी पहिल्या प्रश्नाचे उत्तर फार ठामपणे दिले. दुसरा प्रश्न त्यांच्या आलेखांत स्पष्ट उमटलेला असूनही त्यांच्या हातून निसटला. त्याचे कारण शोधणे उद्बोधक आहे.

क्लोरोफॉर्मचा भुलीसाठी उपयोग एडिंबरो येथे जेम्स यंग सिम्प्सन ह्यांनी नोव्हेंबर १८४७ मध्ये सुरू केला. त्यानंतर तीन महिनेही उलटले नव्हते तोच, २८ जानेवारी १८४८ रोजी, न्यूकॅसलजवळच्या एका खेड्यात हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढण्यासाठी दिलेल्या भुलीत दगावली. शस्त्रक्रिया किरकोळ, मुलगी धडधाकट, आणि मृत्यू अवघ्या काही मिनिटांत. असे मृत्यू पुढे वारंवार नोंदले जाऊ लागले तेव्हा त्यांच्या कारणाविषयी दोन पक्ष निर्माण झाले. लंडनचे जॉन स्नो ह्यांच्या मते क्लोरोफॉर्मची वाफ हवेत फार दाट झाली की ती हृदयालाच बधिर करते. म्हणून वाफेचे प्रमाण मोजून द्यावे आणि नाडीकडे लक्ष द्यावे. एडिंबरोचे शस्त्रवैद्य जेम्स सायम ह्यांची शिकवण नेमकी उलट होती. नाडीचा विचारच नको, श्वास नीट चालला आहे ना एवढेच पाहावे, जीभ मागे पडून घसा अडू देऊ नये, म्हणजे भय नाही, असे ते सांगत. नाडीवर बोट की छातीवर नजर, असे ह्या वादाचे स्वरूप होते. १८८० च्या सुमारास ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने नेमलेल्या ग्लासगोच्या समितीने प्राण्यांवरील प्रयोगांवरून क्लोरोफॉर्म रक्तदाब खाली आणतो आणि हृदयावर परिणाम करतो असा निर्वाळा दिला, आणि पारडे नाडीच्या बाजूस झुकले.

ह्या काळात शरीरक्रियाविज्ञान मात्र ह्या द्वंद्वाच्या पुढे गेले होते. वेबर बंधूंनी १८४५ मध्ये दाखवून दिले होते की मेंदूपासून मानेतून उतरणाऱ्या व्हेगस अर्थात प्राणेशा मज्जातंतूला विजेने चेतविले असता हृदय मंदावते, आणि चेतना तीव्र असेल तर थांबतेही. हा शोध त्या वेळी विलक्षण वाटला, कारण मज्जातंतू अवयवाला चालना देतो हेच तोपर्यंत गृहीत होते. तो अवयवाला आवरही घालतो ही कल्पना नवी होती. क्लोद बेर्नार ह्यांनी १८५० नंतरच्या दोन-तीन वर्षांत अनुकंपी मज्जातंतू रक्तवाहिन्यांचे आकुंचन घडवितात हे सिद्ध केले. लाइपझिग येथे कार्ल लुडविग ह्यांच्या प्रयोगशाळेत १८६६ मध्ये सायन आणि लुडविग ह्यांना सशाच्या मानेत असा एक बारीक मज्जातंतू सापडला की ज्याचे मेंदूकडील टोक चेतविताच रक्तदाब उतरतो. म्हणजे हृदयाच्या परिसरातून मेंदूकडे वार्ता जाते आणि मेंदू तिला उत्तर देतो. पुढे त्याच प्रयोगशाळेत ओव्स्यानिकोव्ह आणि डिटमार ह्यांनी १८७१ ते १८७३ ह्या काळात मेंदूचे थरावर थर छेदून हे उत्तर देणारे स्थान निश्चित केले. मेंदूचा मज्जारज्जूला जोडणारा जो सर्वांत खालचा भाग, त्या लंबमज्जेच्या वर कितीही छेद घेतले तरी रक्तदाब टिकतो. तिच्या खाली छेद घेताच तो कोसळतो. वाहिन्यांना आकुंचित ठेवणारे, म्हणजे वाहिनीप्रेरक केंद्र लंबमज्जेत आहे हे त्यावरून ठरले. श्वसनाचे केंद्रही तेथेच, त्याच्या शेजारी. ही शेजारधर्माची गोष्ट पुढील विवेचनात महत्त्वाची ठरणार आहे.

ह्या सर्व संशोधनाचे साधन एकच होते, आणि त्याचा थोडा परिचय आवश्यक आहे. लुडविग ह्यांनी १८४७ मध्ये तयार केलेल्या कायमोग्राफ नावाच्या यंत्रात प्राण्याच्या धमनीला एक नळी जोडलेली असे; तिच्या दुसऱ्या टोकाला इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची पाऱ्याची नळी; पाऱ्यावर तरंगणारा एक हलका दांडा, आणि त्याच्या टोकाची लेखणी फिरत्या पिंपावरील काजळी धरलेल्या कागदावर रेषा ओढीत जाई. रक्तदाब वर-खाली होताच रेषा वर-खाली होई. पारा जड असल्यामुळे ही रेषा हृदयाच्या प्रत्येक ठोक्याचे सूक्ष्म स्वरूप दाखवू शकत नसे. सरासरी दाब मात्र चांगला दाखवी. यंत्राची ही मर्यादा हैदराबादच्या प्रयोगांना पुढे फार महागात पडली.

एडवर्ड लॉरी हे एडिंबरोचे पदवीधर आणि सायम ह्यांचे शिष्य. लाहोर येथे शस्त्रक्रियेचे अध्यापन केल्यानंतर १८८५ मध्ये ते हैदराबादला रेसिडेन्सी सर्जन म्हणून आले आणि १८४६ मध्ये स्थापन झालेल्या तेथील वैद्यकीय शाळेचे प्रमुखही झाले. मुसा नदीच्या काठच्या अफझलगंज रुग्णालयात त्यांची शस्त्रक्रिया चाले. क्लोरोफॉर्म देताना नाडी मुळीच पाहावयाची नाही, फक्त श्वास पाहावयाचा, हा गुरूचा नियम त्यांनी येथे काटेकोरपणे लागू केला, आणि हजारो रोग्यांना भूल देऊनही आपल्या हातून मृत्यू झाला नाही असे ते अभिमानाने सांगत. त्यांच्या विद्यार्थिवर्गात स्त्रियाही होत्या. त्यांपैकी रूपाबाई फर्दूनजी ह्यांची गणना आज जगातील अगदी पहिल्या स्त्री-भूलतज्ज्ञांत होते. लॉरी ह्यांच्या स्वभावात शिक्षकाची तळमळ आणि पंथप्रचारकाचा हट्ट ह्यांचे मिश्रण होते. पैकी पहिल्या गुणाचा लाभ संस्थानाला झाला, दुसऱ्याचा तोटा विज्ञानाला.

१८८८ मध्ये त्यांच्या पुढाकाराने पहिला हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोग नेमला गेला. पॅट्रिक हेहिर हे त्याचे अध्यक्ष. शंभराहून अधिक गावठी कुत्र्यांना क्लोरोफॉर्म देऊन मारण्यात आले आणि प्रत्येक वेळी श्वास आधी थांबतो, हृदय मागाहून, असा निष्कर्ष जाहीर करण्यात आला. लंडनच्या ‘लॅन्सेट’ साप्ताहिकाने ह्या निष्कर्षावर शंका घेतली. युरोपातील प्रयोगशाळांनी वेगळे सांगितले असता दूरच्या एका संस्थानातील कुत्र्यांवरून इतके मोठे विधान कसे मान्य करावे, असा तिचा रोख होता. ह्या शंकेत साम्राज्याची गुर्मी नव्हतीच असे म्हणता येणार नाही. पण ती केवळ गुर्मी होती असेही नाही. लॉरी ह्यांनी दिलेले उत्तर मात्र अपूर्व होते. सहावे निजाम मीर महबूब अली खान ह्यांच्याकडून त्यांनी एक हजार पौंडांची देणगी मिळविली आणि ‘लॅन्सेट’ला सांगितले की, तुमचा माणूस येथे पाठवा, खर्च आमचा, प्रयोग त्याच्या डोळ्यांसमोर होतील.

‘लॅन्सेट’ने निवडलेला माणूस सामान्य नव्हता. टॉमस लॉडर ब्रंटन ह्यांनी १८६७ मध्ये हृदयशूळावर अमिल नायट्राइटचा उपयोग प्रथम सांगितला होता, आणि ते स्वतः लाइपझिगला लुडविग ह्यांच्या हाताखाली शिकलेले होते. म्हणजे प्राणेशा मज्जातंतू, वाहिनीप्रेरक केंद्र, काजळीच्या कागदावरील रेषा ह्या सर्वांशी त्यांचा प्रत्यक्ष परिचय होता. शिवाय क्लोरोफॉर्म हृदयाला थेट अपाय करतो हेच मत घेऊन ते बोटीतून उतरले. ऑक्टोबर १८८९ मध्ये हैदराबादेस दुसऱ्या आयोगाचे काम सुरू झाले. ब्रंटन ह्यांच्यासमवेत जेरल्ड बॉमफर्ड, रुस्तमजी हकीम आणि अध्यक्ष म्हणून लॉरी होते. कुत्री, माकडे, घोडे, बकऱ्या, मांजरे आणि ससे, मिळून सुमारे पाचशे प्राणी दोन महिन्यांत वापरले गेले; शंभराहून अधिक प्राण्यांचा रक्तदाब पाऱ्याच्या मापकाने लिहून घेण्यात आला आणि आलेखांची छायाचित्रे काढण्यात आली. त्या काळच्या मानाने हे काम प्रचंड होते. मुक्या प्राण्यांचा इतका संहार आज कोणतीही नीतिसमिती मान्य करणार नाही, हेही येथे नमूद करणे योग्य.

प्रयोगांची रचना वाचताना ब्रंटन ह्यांच्या हाताची छाप पदोपदी जाणवते. काही प्राण्यांचे दोन्ही प्राणेशा मज्जातंतू कापून टाकण्यात आले. काहींना अॅट्रोपीन देऊन त्या मज्जातंतूंचा हृदयावरील अंमल नाहीसा करण्यात आला. काहींना आधी फॉस्फरस चारून त्यांचे हृदय मेदयुक्त आणि दुर्बल करण्यात आले, कारण दुबळ्या हृदयाच्या रोग्याला क्लोरोफॉर्म घातक असतो ही समजूत तपासून पाहावयाची होती. काहींच्या बाबतीत अर्धवट भुलीत दात उपटणे, नखे काढणे ह्यांसारख्या क्रिया मुद्दाम करण्यात आल्या. किरकोळ शस्त्रक्रियेच्या आरंभीच वेदनेच्या प्रतिक्षेपाने हृदय थांबते असा प्रवाद होता; तो प्रतिक्षेप घडवून आणण्याचा हा प्रयत्न होता. ह्यापैकी कशानेही हृदय आधी थांबले नाही. क्लोरोफॉर्म दिला की रक्तदाब हळूहळू उतरे. पुढे श्वास थांबे. आणि त्यानंतरही काही काळ हृदय धडधडत राही. श्वास कोंडला की मात्र चित्र बदले. हृदयाचे ठोके एकदम विरळ आणि मोठे होत, दाबाची रेषा लांबलांब दाते टाकीत खाली जाई. प्राणेशा कापलेल्या प्राण्यांत हे दाते दिसत नसत.

ह्या शेवटच्या निरीक्षणाचा आयोगाने लावलेला अर्थ मोठा रोचक आहे. श्वास कोंडला असता लंबमज्जा प्राणेशाच्या द्वारे हृदयाला आवर घालते. रक्त सावकाश फिरू लागते. त्यामुळे फुप्फुसांत साठलेला क्लोरोफॉर्म मेंदूपर्यंत कमी पोचतो. म्हणून हृदयाचे हे मंदावणे, आणि रक्तदाबाचे उतरणेही, हा धोका नसून रक्षणाचा उपाय आहे, असे आयोगाने प्रतिपादिले. मेंदू हृदयाचा कारभार पाहतो तो शरीराच्या हितासाठी, ही भूमिका त्या काळच्या विचारसरणीशी जुळणारी होती. डिसेंबर १८८९ मध्ये ब्रंटन ह्यांची तार ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. क्लोरोफॉर्मचा धोका गुदमरण्याचा किंवा मात्रा वाढण्याचा. हृदयाला थेट धोका मुळीच नाही, असा तिचा आशय होता. आपले पूर्वीचे मत इतक्या उघडपणे सोडून देण्यास धैर्य लागते, आणि ब्रंटन ह्यांना त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. संपूर्ण अहवाल आलेखांसह मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडिया स्टीम प्रेसमध्ये १८९१ साली ग्रंथरूपाने छापला गेला.

अहवालातील निरीक्षणे खोटी होती असे त्याच्या कडव्या विरोधकांनीही सहसा म्हटले नाही. चूक होती ती अनुमानात. आधी काय थांबले आणि कशामुळे थांबले हे दोन प्रश्न आयोगाने एकच मानले. श्वसनकेंद्र लंबमज्जेत आहे. लंबमज्जेला रक्त पुरविते हृदय. रक्तदाब पुरेसा घसरला की श्वसनकेंद्राचा रक्तपुरवठा तुटतो आणि श्वास थांबतो. अशा वेळी श्वास आधी थांबला हे खरे. पण तो थांबला हृदय दुबळे झाल्यामुळे. विहिरीचे पाणी आटले की मोट आधी कोरडी येते आणि विहिरीचा तळ नंतर दिसतो. म्हणून मोटेत बिघाड होता असे कोणी म्हणत नाही. त्याचप्रमाणे श्वास थांबल्यावर हृदय धडधडत होते ह्यावरून ते रक्त पुढे ढकलत होते असे सिद्ध होत नाही. ठोका ऐकू येणे आणि ठोक्याने काम होणे ह्या दोन निराळ्या गोष्टी होत, आणि पाऱ्याची रेषा तर खाली चाललेलीच होती. आयोगाचा सारा पुरावा आयोगाच्याच कागदावर त्याच्याविरुद्ध साक्ष देत होता.

ही साक्ष उलगडून दाखविली केंब्रिजच्या गॅस्केल आणि शोअर ह्यांनी १८९३ मध्ये. रक्तदाब उतरतो तो क्लोरोफॉर्म लंबमज्जेतील वाहिनीप्रेरक केंद्राला बधिर करतो म्हणून, की हृदयालाच दुर्बल करतो म्हणून, असा प्रश्न त्यांनी नेमका मांडला. मग दोन प्राण्यांच्या रक्तवाहिन्या एकमेकांना जोडून अशी व्यवस्था केली की एका प्राण्याच्या मेंदूला दुसऱ्याचे रक्त मिळावे. आता क्लोरोफॉर्म केवळ मेंदूकडे किंवा केवळ हृदयाकडे पाठविता येऊ लागला. मेंदूला क्लोरोफॉर्मयुक्त रक्त मिळाले तेव्हा दाब कोसळला नाही. हृदयाला मिळाले तेव्हा कोसळला. दाब उतरण्याचे मुख्य कारण हृदय होते. लॉरी ह्यांनी हा निष्कर्ष कधीच मान्य केला नाही. विद्यार्थ्यांसाठी १९०१ मध्ये काढलेल्या पुस्तकातही त्यांची भूमिका तीच राहिली.

पण मात्रा वाढून येणारा मृत्यू एक, आणि हॅना ग्रीनरचा मृत्यू दुसरा. तिला क्लोरोफॉर्म फार मिळालेला नव्हता. तिचे हृदय हळूहळू क्षीणही झालेले नव्हते. अशा आकस्मिक मृत्यूचे उत्तर गॅस्केल आणि शोअर ह्यांच्या प्रयोगातही नव्हते. १९०२ मध्ये मेलबर्नचे एडवर्ड एम्ब्ली ह्यांनी ते प्राणेशात शोधले. भुलीच्या आरंभी क्लोरोफॉर्ममुळे हृदय प्राणेशाच्या आज्ञेला अवाजवी संवेदनशील होते. एरवी ठोके थोडे विरळ करणारी आज्ञा अशा वेळी हृदयाला कायमचे थांबवू शकते, असे त्यांनी दाखविले. हैदराबादच्या आयोगाने ज्या प्रतिक्षेपाला रक्षक म्हटले होते त्यालाच एम्ब्ली ह्यांनी मारेकरी ठरविले. दोघांच्या समोरची रेषा मात्र एकच होती. प्रतिक्षेप स्वतः हितकर किंवा अहितकर नसतो. तो ज्या हृदयापर्यंत पोचतो त्या हृदयाच्या अवस्थेवर त्याचे फळ अवलंबून असते, ही गोष्ट येथे प्रथम स्पष्ट झाली.

तरीही कोडे पुरते सुटले नव्हते. त्याची किल्ली हैदराबादच्या दुसऱ्या आयोगापूर्वीच, जानेवारी १८८९ मध्ये, अॅबर्डीनच्या जॉन मॅकविल्यम ह्यांनी प्रसिद्ध केली होती, पण तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नव्हते. मॅकविल्यम ह्यांचे म्हणणे असे की, माणसाचा आकस्मिक हृदयमृत्यू पुष्कळदा हृदय स्तब्ध होऊन येत नाही. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांचे, म्हणजे जवनिकांचे, स्नायू सुसंगत आकुंचन सोडून विस्कळीतपणे थरथरू लागतात आणि रक्ताभिसरण क्षणात बंद पडते. ह्यास विस्फुरण म्हणतात. पाऱ्याच्या मापकात विस्फुरण पावलेले हृदय आणि स्तब्ध झालेले हृदय ह्यांची रेषा सारखीच दिसते; दोन्हींत ती सरळ खाली येते. छाती उघडून हृदय डोळ्यांनी पाहिल्याखेरीज, किंवा एंथोव्हेन ह्यांनी १९०३ च्या सुमारास सिद्ध केलेल्या विद्युत्हृल्लेखाचा आधार घेतल्याखेरीज, हा भेद कळणे शक्य नव्हते.

लंडनचे ए. गुडमन लेव्ही ह्यांनी १९११ पासून मांजरांवर केलेल्या प्रयोगांत ही सर्व सूत्रे एकत्र आली. त्यांना आढळले की गाढ भुलीतील मांजराला धोका कमी. उथळ, अर्धवट भुलीतील मांजराला जास्त. अशा मांजराच्या अनुकंपी मज्जातंतूंना चेतना मिळाली, किंवा त्याच्या रक्तात अड्रेनलीन सोडले, तर जवनिकांचे विस्फुरण होऊन ते तत्काळ मरते. क्लोरोफॉर्म हृदयस्नायूला अड्रेनलीनच्या बाबतीत हळवा करतो, आणि भय, वेदना, धडपड ह्यांनी चेतलेला मेंदू अनुकंपी मार्गाने तेच अड्रेनलीन रक्तात ओततो. हॅना ग्रीनर भूल देण्यापूर्वी भेदरलेली होती, अशी नोंद आहे. मात्रा वाढविल्याने नव्हे, तर भीतीपोटी हात आखडून ती कमी दिल्याने असे मृत्यू घडू शकतात, हा लेव्ही ह्यांच्या कामाचा अर्थ तत्कालीन वैद्यांना पचविणे जड गेले. आयोगाने अर्धवट भुलीत दात उपटून पाहिले होते. म्हणजे तो योग्य दारापर्यंत गेला होता. परंतु त्याला शोधावयाचे होते प्राणेशाने थांबविलेले हृदय. अनुकंपी मार्गाने बिथरलेले हृदय ही कल्पनाच त्याच्या प्रश्नपत्रिकेत नव्हती.

मेंदू आणि हृदय ह्यांमधील ह्या दुहेरी लगामाचे स्वरूप विसाव्या शतकात अधिक उलगडले. हेरिंग ह्यांनी १९२० नंतरच्या दशकात दाखविले की मानेतील मोठी धमनी जेथे दुभंगते तेथील किंचित फुगीर भागात दाबाची जाणीव घेणारी मज्जाग्रे असतात. बेल्जियमचे कोर्नेय हेमान्स ह्यांनी त्याच ठिकाणी रक्तातील प्राणवायूची वार्ता घेणारी इंद्रियेही असल्याचे सिद्ध केले, आणि त्यांना १९३८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ह्या ठिकाणाहून आणि महाधमनीच्या कमानीतून निघालेली वार्ता लंबमज्जेतील एका लांबट केंद्रकात पोचते. तेथून एक वाट प्राणेशाच्या केंद्रकांकडे जाते व हृदय मंदावते. दुसरी वाट लंबमज्जेच्या अधर-पार्श्व भागातील पेशींकडे जाते. ह्या पेशी अनुकंपी मज्जातंतूंना अखंड चेतवीत असतात, आणि दाब वाढल्याची वार्ता येताच त्यांना आवर घातला जातो. १९७० नंतरच्या संशोधनाने डिटमार ह्यांचे वाहिनीप्रेरक केंद्र ह्या पेशींपर्यंत आणून ठेवले आहे. विश्रांतीच्या स्थितीत हृदय मिनिटाला सत्तरच्या आसपास ठोके देते. दोन्ही लगाम काढले तर ते शंभराच्या आसपास धावते. म्हणजे स्वस्थ बसलेल्या माणसाच्या हृदयावरही प्राणेशाचा हात सतत असतो.

नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ मध्ये आणि लातूरचे २००२ मध्ये सुरू झाले. तेथे शरीरक्रियाविज्ञानाच्या वर्गात सहाध्यायाला आधी आडवे निजवून आणि मग उभे करून त्याचा रक्तदाब मोजला जातो, तेव्हा नेमका हाच प्रतिक्षेप तपासला जात असतो. उभे राहताच अर्धा लिटरहून अधिक रक्त पोट आणि पाय ह्यांकडे उतरते. मानेतील मज्जाग्रांची वार्ता क्षीण होते. प्राणेशाचा हात सैल होतो, वाहिन्या आवळल्या जातात, आणि काही सेकंदांत दाब पूर्वपदावर येतो. भूल दिलेल्या रोग्यात हीच यंत्रणा औषधाने मंदावलेली असते. भूलतज्ज्ञाला ह्याचे भान असावे लागते ते ह्यासाठी.

असे असता हैदराबाद आयोगाचे काम सर्वस्वी वाया गेले असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याचा सिद्धांत चुकला, पण त्याने दिलेला व्यावहारिक नियम बराचसा उपकारक होता. श्वासमार्ग मोकळा ठेवा, श्वासाकडे क्षणभरही दुर्लक्ष करू नका, श्वास बिघडताच भूल थांबवा, हे त्या नियमाचे सार. ज्या काळात भूल देण्यास प्रशिक्षित माणूस मिळणे दुर्मिळ होते आणि संस्थानाच्या जिल्ह्यांतील लहान दवाखान्यांत एखाद्या साहाय्यकाच्या हाती क्लोरोफॉर्मची बाटली असे, त्या काळात एवढी शिस्तही अनेकांना वाचविण्यास पुरेशी होती. घसा अडून येणारे मरण टाळण्यासाठी नाडी पाहून उपयोग नव्हता. नाडी बिघडेपर्यंत फार उशीर झालेला असे. लॉरी ह्यांचा दोष असा की, ह्या अर्ध्या सत्याला पूर्ण सत्याचा दर्जा देण्यासाठी त्यांनी नाडी पाहणे केवळ अनावश्यक नव्हे, तर घातक ठरविले. आपल्या विद्यार्थ्यांना त्यांनी एक डोळा उघडा ठेवण्यास शिकविले आणि दुसरा मिटण्यास.

ह्या प्रकरणातील आणखी एक गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्याने ध्यानात घेण्याजोगी आहे. प्रयोगाचा खर्च संस्थानाचा, रुग्णालय संस्थानाचे, आयोगाच्या चार सदस्यांत एक हिंदी वैद्य. परंतु निर्णयाचे न्यायासन मात्र लंडन. निजामाच्या एक हजार पौंडांनी विकत घेतली ती मूलतः मान्यता. ती मिळावी म्हणून आयोगाला शंकेला जागा न ठेवणारे उत्तर हवे होते, आणि असे उत्तर शोधणाऱ्याला मधल्या शक्यता दिसेनाशा होतात. ब्रंटन स्वतंत्रपणे, आपल्या प्रयोगशाळेत सावकाश काम करीत असते तर प्राणेशाच्या त्या लांब दात्यांवर ते अधिक काळ थबकले असते, असे मानावयास जागा आहे.

लेव्ही ह्यांचा क्लोरोफॉर्मवरील ग्रंथ १९२२ मध्ये निघाला. लॉरी तत्पूर्वीच, १९१५ मध्ये निवर्तले होते. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसा नदीला आलेल्या महापुरात अफझलगंजचे जुने रुग्णालय वाहून गेले, आणि त्याच्या जागी सातव्या निजामांच्या कारकिर्दीत उस्मानिया रुग्णालयाची भव्य इमारत उभी राहिली. मुंबईत छापलेल्या अहवालात मात्र ते आलेख अजून पाहावयास मिळतात. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी रेषा हळूहळू उतरत जाते. मध्येच प्राणेशाचे लांब दाते येतात. आणि खाली, कडेला, श्वास केव्हा थांबला ते दर्शविणारी खूण आहे.